सोयाबीन जमीन खातं का?

बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिक्कोडीपासून बैलहोंगलपर्यंत कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'सोयाबीन आलं आणि जमिनीचा कस गेला.' भुईमूग कमी होत गेला आणि सोयाबीन वाढलं, हे खरं. पण कस जाण्याचा दोष पिकावर ढकलणं चूक आहे.

सोयाबीन कडधान्याच्याच कुळातलं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला देतात. गाठ फोडून बघा. आत गुलाबी-लाल दिसली, तर काम चालू आहे. शिवाय काढणीआधी बहुतेक पाला शेतातच गळतो. भुईमूग मात्र आपण मुळासकट उपटतो आणि वेल जनावरांना घालतो. तरी त्याला कुणी जमीनखाऊ म्हणत नाही!

मग समजूत आली कुठून? दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, आणि प्रथिनांत नत्र असतं. म्हणजे १० क्विंटल दाण्याबरोबर ६० किलोच्या आसपास नत्र शेताबाहेर जातं, आणि ते सगळंच हवेतून आलेलं नसतं. स्फुरद, पालाश, गंधकही जातं. वर मळणीचं भुसकट आपण बांधावर पेटवतो. दरसाल तेच पीक, शेणखत नाही, बियाण्याला रायझोबियम (गाठी करणाऱ्या जिवाणूंचं खत) नाही. उतारा घटणारच.

तांबेऱ्याचा फटकाही काही जण जमिनीच्याच नावावर लिहितात. तो हवेतून पसरणारा बुरशीजन्य रोग आहे. कृष्णाकाठचं उगार खुर्द त्यासाठी ओळखलं जातं. धारवाड कृषी विद्यापीठाचा डीएसबी २१ हा वाण त्याला तोंड देतो. सोयाबीनमागून हरभरा किंवा शाळू (रब्बी ज्वारी) घ्या, आणि भुसकट जाळू नका, खड्ड्यात कुजवा.