चकाकीखालचा पाना: स्वस्त हत्यारं कशी पारखावीत

हत्यार बनवणाऱ्याला खर्च वाचवायचा असेल तर तो पॉलिशमध्ये वाचवत नाही, कारण गिऱ्हाईक तेच बघतं. तो वाचवतो पोलादाला पाणी देण्यात, म्हणजे ते तापवून थंड करून कडक करण्यात, जबडा मापात घासण्यात आणि तपासणीत. म्हणून चांगला आणि वाईट पाना शेजारी ठेवले तरी सारखेच दिसतात. फरक मात्र घरच्या घरी पकडता येतो, आणि हत्यार परत करण्याची मुदत संपायच्या आत तो पकडावा.

१३ नंबरचा, म्हणजे १३ मिमी डोक्याचा, फिक्स पाना घ्या. न झिजलेला एम-८ (८ मिमी जाडीचा, १३ मिमी डोक्याचा) बोल्ट डोकं वर ठेवून व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंजात, आवळा. पाना डोक्यावर बसवून, जोर न लावता, दोन्ही बाजूंना जितका हलतो तितका हलवा. जबडा आणि डोकं यांच्या मापात ०.२ मिमी फरक असेल, तर पाना एकूण ३ अंश मोकळा फिरतो. बोल्टच्या मध्यापासून १६० मिमी अंतरावर हा हेलकावा साधारण ९ मिमी भरतो. फरक ०.५ मिमी असेल, तर तिथेच तो २२ मिमीच्या पुढे जातो. म्हणजे डोळ्याला न दिसणारी फट पान्याचा दांडाच ४५ पट मोठी करून दाखवतो. बोल्टचं डोकं मात्र आधी मोजून घ्या. १३ च्या बोल्टचं डोकं प्रमाण मापातही १२.७३ मिमीपर्यंत असू शकतं, आणि मग बिचाऱ्या पान्यावर नाहक ठपका येतो.

एवढ्याशा फटीचं महत्त्व नट सोडवताना कळतं. सैल जबडा नटाच्या सपाट बाजूवर टेकत नाही, कोपऱ्याजवळ टेकतो. सगळा जोर रेघेएवढ्या जागेवर येतो आणि कोपरा दबतो. पुढच्या खेपेला पाना आणखी थोडा फिरून मग पकडतो, कोपरा आणखी जातो, आणि शेवटी नट गोल होतो. वाईट पान्याची खरी किंमत अशा नटांच्या रूपाने मोजावी लागते.

आता पोलाद. हातपान्यांची कठीणता साधारणपणे रॉकवेल सी मापावर ४० ते ५० च्या दरम्यान असते, चांगल्या कानशीची ६० च्या वर. पान्याच्या न दिसणाऱ्या कडेवर कानशीचा कोपरा हलकेच घासा. क्रोमचा थर फार कठीण असल्यामुळे पहिले एकदोन घासे निसटतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका. थर गेल्यावर कानस नाखुशीने का होईना पण लागली पाहिजे. साध्या बोल्टवर लागते तशी सहज लागली, तर पाण्यात कसूर आहे आणि जबडा जोराखाली पसरेल. काचेवरून सरकावी तशी नुसतीच सरकली, तर पोलाद फाजील कडक आहे. असा पाना वाकत नाही, तुटतो, आणि हात सोलवटून निघतो.

व्हर्नियर, म्हणजे सरकत्या जबड्याने बारीक माप घ्यायचं साधन, पारखायला मापाचे ठोकळे लागत नाहीत. ६०८ नंबरचं नवं बेअरिंग, म्हणजे स्केटच्या चाकात असतं ते, पुरेसं आहे. साध्या प्रतीच्या बेअरिंगचाही बाहेरचा व्यास २२ मिमी असतो, आणि तो जास्तीत जास्त ०.००९ मिमीनेच कमी भरू शकतो. ०.०२ मिमीपर्यंत मोजणाऱ्या व्हर्नियरसाठी एवढी अचूकता भरपूर झाली. जाडीवर मात्र भरवसा ठेवू नका, तिला बरीच मोठी सूट असते. बेअरिंग एकदा जबड्याच्या मुळाशी धरून मोजा आणि एकदा टोकाशी. टोकाशी माप कमी आलं, तर सरकता जबडा कलतो आहे. बहुतेक व्हर्नियरच्या सरकत्या भागावर वरच्या कडेला दोन बारीक स्क्रू असतात. ते थोडे थोडे आवळून पुन्हा बघा. तरीही फरक राहिला तर परत करा.

काटकोन बघायच्या गुण्याची परीक्षा एका मिनिटाची. फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी मारा. दोन रेघा फाकल्या, तर गुण्याची चूक त्या फाकेच्या निम्मी.

ड्रिल बिटच्या सोनेरी रंगाला भुलू नका. तो टायटॅनियम नायट्राइडचा थर असू शकतो किंवा नुसता रंग, आणि दोन्हीखालचं पोलाद साधं असू शकतं. साध्या कार्बन पोलादाची धार साधारण २००–२५० अंश सेल्सिअसला नरम पडू लागते. हायस्पीड पोलाद ६०० अंशांच्या आसपासही टिकतं. बिटचं मागचं टोक ग्राइंडरला क्षणभर टेकवा. कार्बन पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या आणि फुटून चांदण्यांसारख्या पसरणाऱ्या, हायस्पीडच्या मोजक्या आणि मंद लालसर. मग बिट काचेवर लोळवून सरळ आहे का बघा, आणि टोकाच्या दोन्ही धारा सारख्या लांबीच्या आहेत का तेही बघा. एक धार लांब असेल तर भोक बिटपेक्षा मोठं पडतं आणि कीस दोन्ही बाजूंनी सारखा निघत नाही.

हातोडी, क्लॅम्प, साधी कानस यांत स्वस्त माल पुष्कळदा चालून जातो. ग्राइंडरच्या चकतीत मात्र काटकसर अजिबात नको. मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या यंत्रावर १०० मिमीच्या चकतीची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने फिरते. चकतीवर छापलेल्या कमाल फेऱ्या यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसाव्यात, आणि मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीख असेल तर तीही वाचावी. बेंच ग्राइंडरचं जाड दगडी चाक बोटावर टांगून लाकडाने हलकेच वाजवलं की घंटेसारखा नाद यावा. बद्द आवाज आला तर चिरेची शंका घ्यावी. पातळ कापायच्या चकतीला ही परीक्षा लागू पडत नाही, कारण ती राळ आणि जाळी यांची असते आणि चांगली असली तरी बद्दच वाजते. तिची कड उडालेली असेल किंवा तिला बाक आला असेल, तर ती मोडून टाका, म्हणजे दुसरा कोणी चुकून यंत्राला लावणार नाही.