काकाउएते म्हणजे शेंगदाणा

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या पोरांना तेलुगु कुणी शिकवत नाही. मागांचा खडखडाट ऐकत पद्मशाली मैत्रिणीच्या घरी जेवता-भांडताना ती कानात मुरते. अक्कलकोटकडच्या पाहुण्यांमुळे कन्नडही तशीच येते. तरी नोकरीसाठी माद्रिदला गेले तेव्हा मी स्पॅनिश शिकायला पुस्तक आणि ॲप घेऊन बसले. चार महिन्यांत क्रियापदांचे तक्ते पाठ झाले, पण दुकानात तोंड उघडत नव्हतं.

मग वरच्या मजल्यावरची मुलगी भेटली. तिला इंग्रजी बोलायचं होतं, मला स्पॅनिश. या देवाणघेवाणीला तिकडे 'इंतरकांबियो' म्हणतात. अर्धा तास एक भाषा, अर्धा तास दुसरी, सरमिसळ करायची नाही. एकदा मी घरून आलेल्या शेंगाचटणीचा डबा उघडला. तिनं चिमूटभर तोंडात टाकली आणि ओरडली, "काकाउएते!" शेंगदाणा! हा शब्द मी कधी घोकला नाही आणि कधी विसरलेही नाही. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याचं हे नाव मेक्सिकोतल्या नाउआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये आलेलं.

असा शब्द का टिकतो? मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग प्रसंगाची चव, वास, जागा, समोरचा चेहरा असं सगळं एकत्र गुंफून आठवण तयार करतो. त्यातला कुठलाही धागा ओढला की शब्द हाती लागतो. तक्त्यातल्या शब्दाला असे धागेच नसतात.

माणसाच्या सोबतीचं बळ किती, हे बालभाषेच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये अमेरिकेत दाखवलं. नऊ महिन्यांच्या बाळांशी मँडरिन बोलणाऱ्या व्यक्ती 12 वेळा येऊन खेळल्या. त्या बाळांना मँडरिनमधले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. तेच बोलणं टीव्हीवर दाखवलेली बाळं मात्र काहीच शिकली नाहीत. मोठ्यांचा मेंदू बाळाचा नव्हे, हे खरं. आपण पुस्तकातूनही शिकतो. पण बोलणं बोलण्यातूनच येतं. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणारी इंग्रजीभाषक मुलं अभ्यासली. वर्षानुवर्षं ऐकून त्यांना फ्रेंच उत्तम समजत होती, बोलताना मात्र व्याकरण चुकत होतं. त्यावरून स्वेन यांनी मांडलं की स्वतः बोलायला गेल्यावरच आपलं काय अडतंय ते कळतं.

माझंही तिथंच अडलं. स्पॅनिशमध्ये 'असणे'साठी दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. एका रविवारी मी म्हणाले, "सोय आबुर्रिदा." मैत्रीण कळवळून म्हणाली, "नाही गं, तू मुळीच तशी नाहीस!" मला म्हणायचं होतं 'मी कंटाळलेय', आणि मी म्हटलं होतं 'मी कंटाळवाणी आहे'. तिथं 'सेर'चं 'सोय' नव्हे, 'एस्तार'चं 'एस्तोय' हवं होतं. अर्थ असा अडकतो, दोघी मिळून तो सोडवतात, त्या क्षणी लक्ष नेमकं चुकलेल्या जागी जातं. भाषा पुढे सरकते ती अशा अडखळण्यातून, असं मायकेल लाँग यांचं संशोधन सांगतं. आणि अडखळायला मैत्रीण लागते, कारण परक्यासमोर आपण गप्प बसतो.

मराठी माणसाला तर या भाषेत बरंच घरचं सापडतं. 'मे गुस्ता' म्हणजे थेट 'मला आवडतं'. संत्री अनेक असली की 'मे गुस्तान', 'आवडतात'. 'घर पाहते' पण 'रामाला पाहते', हा भेदही तिथं आहे; माणसाआधी 'आ' लावतात. संत्र्याचं 'नारांखा' हे नाव आपल्या 'नारिंग'चंच भावंड.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि तिथल्या माणसांत राहून चिनी बोलू लागले. त्यांच्या गावची असल्याचा मला अभिमान वाटतो.

आता मी सोलापुरात परतलेय, आणि आमचा इंतरकांबियो व्हिडिओ कॉलवर चालतो. त्यानं भागतं, कारण पलीकडचं माणूस ऐकून उत्तर देतं. 2014 च्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवर नवी क्रियापदं शिकली. आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत. गेल्या शनिवारी तिनं विचारलं, तुमच्याकडे काकाउएतेला काय म्हणतात? तिच्या भाषेत 'श' नाही, 'ण'ही नाही. "चेंगदाना," ती म्हणाली. मी थांबवलं. "सेंगदाना." पुन्हा थांबवलं. ती कॅमेऱ्याजवळ सरकली आणि माझ्या ओठांकडे बघत म्हणाली, "परत म्हण."