गीर सोमनाथच्या नावाचा गोवर

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरांत ज्याला ‘गोवर’ म्हणतात, त्याला गुजराती शेजारी ‘ओरी’ म्हणतात. प्रयोगशाळांच्या नोंदींत याच विषाणूच्या एका वाणाचं नाव आहे ‘एमव्हीएस/गीर सोमनाथ.आयएनडी/४२.१६’. एमव्ही म्हणजे गोवराचा विषाणू. पुढचा एस सांगतो की विषाणू आधी पेशींत वाढवलेला नाही, त्याच्या जनुकीय अक्षरांचा क्रम थेट रुग्णाच्या नमुन्यातून वाचलाय. मग गुजरातमधला जिल्हा, देश आणि २०१६चा ४२वा आठवडा. डी८ या जनुकीय प्रकारातला हा वाण २०१८-१९ मध्ये अनेक देशांच्या साथींत सापडला. पण नाव पडतं ते संदर्भ मानलेल्या नमुन्याच्या ठिकाणावरून. साथ तिथूनच निघाली, असा अर्थ त्यातून काढू नये.

ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली ठरवली. विषाणूची सुमारे १५,९०० अक्षरं सगळी वाचणं तेव्हा परवडणारं नव्हतं, म्हणून एन जनुकाच्या शेवटाची ४५० अक्षरं निवडली. तिथे फरक भरपूर दिसतात. त्यावरून २४ प्रकार ओळखले गेले. २०२१ नंतर मात्र फिरताना सापडतात ते दोनच, बी३ आणि डी८. त्यामुळे आता दोन साथींची ४५० अक्षरं तंतोतंत जुळली, तरी त्या संसर्गाच्या एकाच साखळीतल्या आहेत असं म्हणता येत नाही. आणि निर्मूलनाचा निकाल तर साखळीवरच ठरतो: एकच साखळी १२ महिने चालली, तर गोवर देशात मुरलेला मानतात. म्हणून आता एम आणि एफ जनुकांमधला सुमारे १,००० अक्षरांचा पट्टा किंवा अख्खा जनुकसंच वाचावा लागतो.

हे सगळं घशातल्या स्वॅबवर अवलंबून असतं, आणि घोटाळा तिथेच होतो. पुरळ उठल्यापासून पहिल्या आठवड्यातच स्वॅब घ्यावा. बोंडूक कृत्रिम धाग्याचं, काडी प्लास्टिकची हवी; लाकडी काडीतली द्रव्यं पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीत, अडथळा आणतात. २-३ मिली वाहक द्रवात बुडवून २ ते ८ अंशांवर, ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवावा. उणे २० अंशांच्या साध्या फ्रीझरमध्ये ठेवू नये, विषाणू टिकत नाही.

नुसतं रक्त पाठवलं तर काय अडतं? नऊ महिन्यांच्या बाळाला लस दिली आणि दहाव्या दिवशी ताप, पुरळ आलं, तर पुरळ लसीचं असो की खऱ्या गोवराचं, आयजीएम ही रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्हच येते. आपल्या लसीतला विषाणू १९५४ साली एंडर्स आणि पीबल्स यांनी वेगळ्या केलेल्या एडमन्स्टन वाणाच्या वंशातला, म्हणजे ‘ए’ प्रकारचा. स्वॅबमध्ये ‘ए’ निघाला तर पुरळ लसीचं. डी८ निघाला तर त्याच दिवशी आसपासच्या घरांत शोध सुरू करायचा.