शिक्षक व मुख्याध्यापकांचे कार्यमूल्यमापन

शिक्षक वर्गात कसे शिकवतात आणि मुख्याध्यापक शाळा कशी चालवतात, हे ठरावीक निकषांवर पाहून त्याविषयी मत नोंदवण्याची पद्धत. तिचे हेतू दोन: नोकरीत कायम करणे, बढती किंवा वेतनवाढ यांचा निर्णय घेणे आणि शिकवणे सुधारायला मदत करणे. एकाच भेटीत दोन्ही साधायला गेले की ओढाताण होते. जिच्यावर वेतनवाढ ठरणार त्या तपासणीत आपली अडचण कोण मोकळेपणाने सांगेल? त्या दिवशी हमखास जमणारा, कधी आधीच एकदा घेऊन झालेला पाठ होतो आणि खरा वर्ग पाहायचा राहून जातो.

मुलांच्या गुणांवरून शिक्षकाला जोखण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८६२च्या सुधारित संहितेने शाळांच्या सरकारी अनुदानाचा मोठा भाग मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, अंकगणिताची परीक्षा यांना बांधला. परीक्षेत येणारे पुस्तकच मुलांकडून घोकून घेतले जाऊ लागले आणि परीक्षेबाहेरचे विषय मागे पडले. स्वतः शाळा तपासनीस असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड या पद्धतीचे कडवे टीकाकार होते. १८९०च्या दशकात ती मोडीत निघाली.

शंभर वर्षांनी हीच कल्पना संख्याशास्त्राच्या आधाराने परतली. मुलाच्या आधीच्या गुणांवरून यंदा किती गुण अपेक्षित होते ते काढायचे आणि त्यांतला व प्रत्यक्ष मिळालेल्या गुणांतला फरक शिक्षकाच्या नावे मांडायचा, ही ‘मूल्यवर्धित’ पद्धत. विल्यम सँडर्स यांनी विकसित केलेली अशी पद्धत अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९९२मध्ये कायद्याने स्वीकारली. मुले कोणत्या पातळीवरून आली याचा ती विचार करते, हे तिचे खरे बलस्थान. पण एका वर्गातली मुले थोडी असतात, त्यामुळे त्याच शिक्षकाचा आकडा वर्षागणिक वरखाली होतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१४मध्ये निदर्शनास आणले की, बहुतेक अभ्यासांनुसार गुणांमधील एकूण तफावतीपैकी १ ते १४ टक्केच शिक्षकांमुळे असते. एवढ्याशा आधारावर कोणाची नोकरी ठरवणे अन्यायाचे आहे. गुणांचा दबाव कुठवर नेतो, हे अमेरिकेतील अटलांटा शहरात दिसले: २०११च्या चौकशीत ४४ शाळांमधील १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा उत्तरपत्रिकांतील गैरप्रकारांशी संबंध आढळला.

वर्गनिरीक्षण हा दुसरा मार्ग. नेड फ्लँडर्स यांच्या पद्धतीत निरीक्षक दर तीन सेकंदांनी वर्गातील बोलण्याची दहा प्रकारांत नोंद करतो. शार्लट डॅनियल्सन यांच्या १९९६च्या चौकटीत पाठाची तयारी, वर्गातील वातावरण, अध्यापन आणि व्यावसायिक जबाबदाऱ्या अशी चार क्षेत्रे आहेत. चौकट कोणतीही असो, उपयोग ठरतो तो निरीक्षकाने काय टिपले यावर. ‘पाठ समाधानकारक, फलकलेखन चांगले’ या शेऱ्यातून शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. ‘बारा प्रश्न विचारले, उत्तरासाठी सेकंदभर थांबून पुढच्या मुलाकडे वळलात, नऊ उत्तरे पहिल्या बाकांवरून आली’ ही नोंद मात्र दुसऱ्याच दिवशी कामी येते. प्रश्नानंतर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरे लांबतात, एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात, हे अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी दाखवून दिले.

निरीक्षकाच्या नजरेतही दोष असतो. शिस्तीचा वर्ग पाहिला की शिकवणेही चांगलेच वाटू लागते. गेट्स फाउंडेशनच्या पाठबळावर सुमारे ३,००० शिक्षकांचा अभ्यास झाला. त्यात, एकाच निरीक्षकाने आणखी एक पाठ पाहण्यापेक्षा दुसऱ्या निरीक्षकाने पाहिल्याने गुणांकन अधिक विश्वसनीय होते, असे आढळले.

मुख्याध्यापकांचे मूल्यमापन याहून अवघड आहे, कारण त्यांच्या कामाचा परिणाम शिक्षकांमार्फत आणि उशिरा मुलांपर्यंत पोहोचतो. दप्तर, इमारत आणि निकाल चटकन तपासता येतात. नवा शिक्षक अडला तर कोणाकडे जातो, मुख्याध्यापक वर्गात बसतात का, चांगली माणसे शाळा सोडून का जातात, हे कळायला शिक्षकांशी बोलावे लागते. म्हणून काही ठिकाणी शिक्षक, वरिष्ठ आणि स्वतः मुख्याध्यापक अशा तिघांकडून मत घेतात. इंग्लंडमधील तपासणीत पूर्ण शाळेला एका शब्दात श्रेणी मिळे. २०२३मध्ये एका मुख्याध्यापिकेने आत्महत्या केली आणि त्यात तपासणीचा वाटा होता, असे मृत्युचौकशीत ठरले. सप्टेंबर २०२४पासून सरकारी शाळांसाठी ही एकशब्दी श्रेणी बंद झाली.

मदत आणि निर्णय एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण अमेरिकेतील टोलेडो शहरात आहे. तिथे १९८१पासून अनुभवी शिक्षकांना काही वर्षे स्वतःच्या वर्गातून मोकळे करून नव्या शिक्षकांसोबत काम दिले जाते. ते वारंवार वर्गात बसतात, पाठानंतर चर्चा करतात आणि अखेर त्या शिक्षकाला ठेवावे की नाही याची शिफारस शिक्षक संघटना व प्रशासन यांच्या संयुक्त समितीपुढे मांडतात.