वाफ उचलते, वजन ढकलतं

लंडनच्या पश्चिमेला, ब्रेंटफर्डमध्ये, क्यू पुलाजवळ विटांचा एक उंच मनोरा आहे. उंची जवळजवळ 60 मीटर. लांबून तो चर्चचा वाटतो, पण आत घंटेऐवजी उभे लोखंडी पाइप आहेत. त्याच्या पायथ्याशी ग्रँड जंक्शन वॉटरवर्क्स कंपनीचं जुनं पंपघर आहे आणि त्यात 1846 सालचं एक अवाढव्य वाफेचं इंजिन. सिलिंडरचा व्यास 90 इंच, म्हणून त्याचं नावच ‘नाइंटी इंच’. सहा फुटी माणूस त्या सिलिंडरच्या तळाशी खुशाल आडवा होईल, आणि उशा-पायथ्याला जागा उरेल ती वेगळीच.

असं इंजिन पाहिल्यावर कुणालाही वाटेल की वाफेचा जोर दट्ट्यावर येतो, दट्ट्या पंप रेटतो आणि पाणी वर चढतं. इथे तसं होत नाही. या इंजिनातली वाफ पाण्याला ढकलतच नाही.

कोकणातल्या विहिरीवरची लाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. आडव्या दांड्याच्या एका टोकाला दगड, दुसऱ्याला दोरी आणि भांडं. माणूस जोर लावतो तो रिकामं भांडं खाली न्यायला. भरलेलं भांडं वर आणायचं काम दगड करतो. क्यूचं इंजिन याच जातीचं. इमारतीच्या वरच्या मजल्यावर मधोमध टेकवलेली बिडाची प्रचंड तुळई. तिच्या एका टोकाला वाफेचा दट्ट्या, दुसऱ्या टोकाला पंपाचा दांडा आणि त्यावर मुद्दाम लादलेलं वजन.

आता एक ठोका सावकाश पाहू. दट्ट्या वर आहे. वरची झडप उघडते आणि वाफ दट्ट्याच्या डोक्यावर येते. खालच्या बाजूची आधीची वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन तिचं पाणी झालेलं असतं, म्हणजे खाली जवळपास निर्वात. दट्ट्या खाली जातो, तुळईचं पलीकडचं टोक वजनासकट वर येतं आणि पंपात पाणी भरतं. मग मधली झडप उघडते. ती फक्त दट्ट्याच्या वरची आणि खालची जागा एकमेकींना जोडते. दोन्हीकडे दाब सारखा झाला, म्हणजे वाफेचा जोर संपला. आता ते वजन आपल्या मर्जीने खाली उतरतं आणि उतरता उतरता पाण्याला शहराच्या नळांत रेटतं. शेवटी खालची झडप उघडते, वापरलेली वाफ कंडेन्सरकडे जाते, आणि पुन्हा पहिल्यापासून.

दर ठोक्याला 472 गॅलन, म्हणजे सुमारे 2,145 लिटर पाणी. दट्ट्याची धाव 11 फूट. पंपाचीही तेवढीच धरली आणि पाणी 50 मीटर चढवायचं म्हटलं, तर त्या टोकाला किमान 32 टन वजन हवं. शाळेतलं गणित आहे, कागदावर करून बघा.

हा खटाटोप जन्माला आला कॉर्नवॉलच्या तांब्या-कथिलाच्या खाणींत. खाणींत पाणी अमाप, आणि कोळसा मात्र वेल्सहून जहाजाने आणायचा, म्हणजे महाग. त्यामुळे तिथल्या इंजिनिअरांनी वाफेची कंजुषी कलेच्या पातळीवर नेली. 1812 च्या सुमारास रिचर्ड ट्रेविथिकने जास्त दाबाची वाफ वापरली आणि दट्ट्या थोडासा खाली गेला की वाफेचा पुरवठा तोडायचा ही युक्ती केली. उरलेली धाव आत कोंडलेली वाफ प्रसरण पावत पूर्ण करते. कुकरची शिट्टी होते तेव्हा दाबाखालची वाफ काहीही काम न करता निघून जाते. कॉर्नवॉलवाल्यांना ते बघवलं नसतं!

शिवाय तिथे 1811 पासून एक मासिक तक्ता छापला जाई : कुठल्या खाणीच्या इंजिनाने एक बुशेल (कोळसा मोजायचं तेव्हाचं माप) कोळशात किती पाणी उपसलं. शेजाऱ्याचा आकडा छापील दिसू लागल्यावर काय होणार? चुरस लागली. 1835 मध्ये एका इंजिनाने चाचणीत साडेबारा कोटी पौंड पाणी एक फूट उचलण्याइतकं काम एका बुशेलमध्ये करून दाखवलं. बुशेल 94 पौंडांचा धरला, तर कोळशातल्या उष्णतेपैकी अंदाजे 13 टक्के ऊर्जा कामी आली. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण उष्मागतिकीचे नियम नीट मांडले जाण्याआधी केवळ निरीक्षणातून माणसं इथवर पोचली होती.

लंडनच्या पाणी कंपन्यांना हे आकडे खरे वाटेनात. थॉमस विकस्टीड या इंजिनिअरने अखेर कॉर्नवॉलमधलं एक वापरलेलं इंजिन ईस्ट लंडन कंपनीसाठी आणून चालवून दाखवलं, तेव्हा विश्वास बसला. ग्रँड जंक्शन कंपनीची अडचण निराळी होती. ती चेल्सीला थेम्सचं पाणी उचलायची ते थेट एका गटाराच्या तोंडापाशी. 1827 मध्ये एका पुस्तिकेने हे चव्हाट्यावर आणलं, बरीच बोंब झाली आणि 1838 मध्ये कंपनी क्यूला आली. ‘नाइंटी इंच’ कॉर्नवॉलच्या हेल गावात घडून इथे आलं आणि 1944 पर्यंत राबलं. 1970 च्या दशकात इथे संग्रहालय झालं आणि हौशी मंडळींनी ते पुन्हा वाफेवर आणलं. शेजारचं 100 इंची भावंड मात्र 1958 नंतर हललेलं नाही.

मनोऱ्याचं काय? या इंजिनाला गतिचक्र, म्हणजे फिरत राहणारं जड चाक (फ्लायव्हील), नाही, त्यामुळे दट्ट्याची धाव कुठे थांबावी हे ठरवणारं लोखंडी बंधन नाही. वजनाला आवरतं ते फक्त समोरचं पाणी. रस्त्यात कुठे मोठा नळ फुटला की विरोध संपला. मग ते वजन धाडकन कोसळून तुळईच मोडायची. उभ्या पाइपातला पाण्याचा स्तंभ हा विरोध कायम राखतो. थंडीत पाइप गोठू नयेत म्हणून 1867 मध्ये भोवती विटा चढल्या.

गतिचक्र नसल्याने आणखी एक गंमत होते. प्रत्येक ठोक्यानंतर इंजिन चक्क थांबतं. पुढचा ठोका कधी, हे ठरवतं पाण्याच्या टाकीत बसवलेलं छोटंसं दट्ट्याचं यंत्र. त्यातलं पाणी एका तोटीतून हळूहळू निघतं, दांडी सरकते आणि खटकन झडप सुटते. रात्री पाण्याची मागणी घटली की चालक वाकून ती तोटी जराशी आवळायचा.