वेल जुनी, उपचार नवा: अ‍ॅमेझॉनचा झाडपाला आणि व्यसनमुक्तीची पार्श्वभूमी

पेरूच्या जंगलातल्या झाडपाल्याने व्यसन सुटतं, असं सांगणाऱ्या जाहिरातींत 'हजारो वर्षांची परंपरा' हे शब्द हमखास असतात. झाडं जुनी आहेत, ती देणारे वैदूही जुने आहेत. पण व्यसनी माणसाला नऊ-नऊ महिने ठेवून घ्यायचं, आधी उलटीची औषधं द्यायची, मग आयावास्का (याच नावाची वेल इतर पानांसोबत उकळून केलेलं, भास घडवणारं पेय), मग जंगलात कडक पथ्यावर ठेवायचं आणि सोबत मानसोपचार करायचे, ही सगळी रचना १९९२ सालची. कोकेनच्या धंद्याशिवाय ती उभीच राहिली नसती.

दूरचा इतिहास थोडक्यात. बोलिव्हियाच्या नैर्ऋत्य भागातल्या एका गुहेत कोल्ह्यांच्या तीन मुस्कटांची कातडी शिवून केलेली सुमारे हजार वर्षांपूर्वीची पिशवी सापडली. २०१९ मध्ये तिच्या तपासणीचे निष्कर्ष आले. तिच्यात हार्मिन (आयावास्काच्या वेलीतलं द्रव्य), डीएमटी (भास घडवणारं द्रव्य) आणि कोकेन या तिन्हींचे अंश मिळाले. मात्र हे पदार्थ एकत्र उकळून प्यायले जात होते, असं त्यावरून म्हणता येत नाही. अठराव्या शतकातल्या जेसुइट मिशनऱ्यांच्या लिखाणात आयावास्काचा उल्लेख येतो, तोही निंदेच्या सुरात. १८५० च्या दशकात एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने या वेलीची शास्त्रीय नोंद केली. त्यानंतर रबराचा काळ आला. रबराच्या चिकासाठी जंगलात घुसलेले मिश्रवंशीय मजूर आजारी पडले की आदिवासी वैदूंकडे जात. त्यातले काही स्वतःच वैदू झाले आणि कॅथलिक प्रार्थना, केच्वा या स्थानिक भाषेतली गाणी, तंबाखूचा धूर हे सगळं त्यांनी एकत्र केलं. आज आयावास्काचा जो विधी ओळखीचा झाला आहे, त्यातला बराचसा याच काळात घडला, असं काही मानववंशशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. इतरांना ते मान्य नाही. एवढं मात्र खरं की या जुन्या वापरात रोगाचं मूळ शोधणं, करणी ओळखणं, शिकारीची दिशा पाहणं अशी कामं असत. 'व्यसनी' नावाचा रुग्ण त्यात नव्हता.

तो आला पेरूतल्या वाल्यागा नदीच्या खोऱ्यातून. १९७० च्या दशकात या खोऱ्यात कोकाची, म्हणजे ज्याच्या पानांपासून कोकेन बनतं त्या झुडपाची, लागवड बेसुमार वाढली. पानं खड्ड्यात रॉकेल आणि आम्लासोबत तुडवून त्यांची पेस्ट करायची आणि छोट्या विमानांनी ती कोलंबियाला पाठवायची, असा धंदा होता. पेस्ट तुडवणाऱ्यांना कधी कधी मजुरीही पेस्टमध्येच मिळे. शुद्ध कोकेन श्रीमंतांचं, पण ही पेस्ट सिगरेटच्या तंबाखूत मिसळून ओढायला कवडीमोल होती. नशा काही मिनिटांत उतरते आणि लगेच दुसरी सिगरेट लागते. बघता बघता राजधानी लिमाच्या वस्त्यांपर्यंत ती पोचली. डॉक्टरांचे नेहमीचे उपाय इतके थकले की १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लिमात काही पेस्टग्रस्तांच्या मेंदूतला एक भाग छेदण्याच्या शस्त्रक्रियाही झाल्या. हे वाचून ज्याला उलटीची बादली रानटी वाटते, त्याने दोन्हींची तुलना करून पाहावी. (याच दशकात ब्राऊन शुगरने मुंबई-पुण्यात घरं पोखरली आणि १९८६ मध्ये पुण्यात व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. दोन्हीकडचा काळ एकच आहे.)

त्याच १९८६ मध्ये एक फ्रेंच डॉक्टर तारापोतोला आला. आधी तो पेरूच्या पठारावरच्या एका इस्पितळात काम करत होता. तारापोतो हे वाल्यागा खोऱ्याच्या खालच्या अंगाचं शहर. आजूबाजूला कोका, सशस्त्र गट आणि लष्कर यांची ओढाताण चालू होती. इथले वैदू दारुड्यांना आणि पेस्ट ओढणाऱ्यांना झाडपाल्याने बरं करतात, असं त्याच्या कानावर आलं आणि तो त्यांच्या हाताखाली शिकू लागला. आयावास्काच्या एका बैठकीत व्यसनींवर उपचार करण्याचा आदेश आपल्याला मिळाला, असं तो स्वतः सांगतो. तो आदेश कुणी मानो वा न मानो, १९९२ मध्ये शहराच्या कडेला केंद्र मात्र उभं राहिलं.

उपचाराचा पहिला टप्पा दिसायला अगदी साधा आहे. नवा रुग्ण आठवडाभर इतरांपासून वेगळा राहतो. तलब तोडण्यासाठी त्याला उलटीची झाडं देतात. त्यातलं सगळ्यात कडक यावार पांगा. रस घेतला की लिटरच्या लिटर पाणी प्यायचं आणि बादलीत ओकायचं. शेजारी वैदू गातो आणि मापाचो तंबाखूचा धूर सोडतो. वाचकाला पंचकर्मातलं वमन आठवेल, पण तिथे आधी स्नेहन-स्वेदनाची तयारी असते. इथे बिडी सोडून चार तासही न झालेला माणूस थेट बादलीसमोर बसू शकतो. आयावास्का पुढच्या टप्प्यात येते. त्यानंतर जंगलातल्या खोपट्यात एकट्याने आठेक दिवस काढायचे. उकडलेली कच्ची केळी आणि भात, तेही अळणी. साखर नाही, तेल नाही, साबणसुद्धा नाही. रोज एखाद्या झाडाचा काढा. पथ्य मीठ खाऊन सोडायचं, पण डुकराचं मांस, मिरची आणि शरीरसंबंध त्यानंतरही बरेच दिवस वर्ज्य. व्यसनावर उपाय म्हणून तंबाखूच वापरायचा, ही विसंगती बाहेरच्यांना खटकते. वैदूंना ती खटकत नाही. त्यांच्या लेखी तंबाखू हे पहिलं औषध आहे आणि त्याचा धाक राखला नाही तर तोच मारतो.

आता ज्या निर्णयाभोवती वाद अजून मिटलेला नाही, तो पाहू. जून २००८ मध्ये पेरूच्या राष्ट्रीय संस्कृती संस्थेने, अ‍ॅमेझॉनच्या मूळनिवासी समाजांचं आयावास्काविषयीचं ज्ञान आणि त्यांचे पारंपरिक उपयोग हा राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा असल्याचा ठराव केला. ठरावात या वेलीला शिकवणारी वनस्पती म्हटलं आहे. पारंपरिक वापर आणि संदर्भ सोडून धंद्यासाठी होणारा पाश्चात्त्य वापर यांत रेघ ओढली आहे. ऐकायला हे रास्त वाटतं. पार्श्वभूमीही होती: १९८६ मध्ये एका अमेरिकन माणसाने या वेलीच्या एका वाणावर पेटंट मिळवलं होतं. आदिवासी संघटनांच्या तक्रारीनंतर १९९९ मध्ये ते रद्द झालं, २००१ मध्ये पुन्हा बहाल झालं आणि २००३ मध्ये मुदत संपून गेलं. हळदीच्या पेटंटचं प्रकरण आठवणाऱ्यांना हा राग समजेल.

पण ओढलेली रेघ कुणाच्या अंगणातून जाते ते पाहा. 'मूळनिवासी समाज' म्हटल्यावर शहराकडेचे मिश्रवंशीय वैदू आत की बाहेर? मोठ्या वस्त्यांत बहुसंख्य रुग्ण तपासतात तेच. व्यसनावर उपचार ही परंपरा की तिचा नवा उपयोग? आणि यातली मेख अशी की ठरावाला आधार दिलेलं टिपण तारापोतोच्या त्याच केंद्रातल्या एका डॉक्टरबाईंचं होतं. म्हणजे ज्या संस्थेने फ्रेंच वैद्यक, मानसशास्त्र, कॅथलिक प्रार्थना आणि जंगली झाडपाला एकत्र आणला, तिच्याच लेखणीतून शुद्ध परंपरेच्या संरक्षणाची भाषा आली. टीकाकार याला सोयीची चाल म्हणतात: आपण परंपरेच्या बाजूला आणि इकितोस या पेरूतल्याच शहराभोवतीची पर्यटन शिबिरं पलीकडे. माझ्या मते चाल असो वा नसो, रेघ चुकीच्या जागी पडली. व्यवहारात फरक वंशाचा नसून मुदतीचा आणि देखरेखीचा आहे. नऊ महिने राहणारा, पथ्य पाळणारा, दर आठवड्याला कुणाशी तरी बोलणारा रुग्ण आणि सुट्टीत येऊन चार रात्री पिऊन जाणारा पाहुणा यांना ठराव वेगळं करू शकत नाही. तारापोतोच्या केंद्रातही परदेशी पाहुण्यांसाठी पथ्याची वेगळी शिबिरं होतात, हेही इथे नोंदवायला हवं.

ठरावानंतर दोन गोष्टी वेगाने वाढल्या, शिबिरं आणि संशोधन. शिबिरांच्या बातम्या बऱ्या नाहीत. २०१५ मध्ये इकितोसजवळच्या एका शिबिरात तंबाखूचं पाणी प्यायल्यावर न्यूझीलंडच्या एका तरुणाचा मृत्यू झाला. नैराश्याच्या काही गोळ्या चालू असताना आयावास्का घेणं धोक्याचं आहे, कारण वेलीतलं हार्मिन शरीरातलं एक विकर थोपवतं. ते थोपवलं नाही तर वेलीसोबत उकळल्या जाणाऱ्या चाक्रुना झुडपाच्या पानांतलं डीएमटी पोटातून पुढे पोचतच नाही. म्हणजे पेयाची ताकद आणि त्याचा धोका एकाच ठिकाणी आहेत.

संशोधनाचे आकडे छोटे आहेत. १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या मनाऊस इथे आयावास्का घेणाऱ्या एका ब्राझिलियन पंथाच्या १५ जुन्या सदस्यांचा अभ्यास झाला. त्यातल्या अनेकांची दारू पंथात आल्यावर सुटली होती. पण पंथात माणसाला देव, शेजार आणि दर पंधरवड्याला जायचं ठिकाणही मिळतं. कॅनडातल्या एका आदिवासी समाजातल्या १२ जणांच्या पाहणीत (२०१३) कोकेन कमी झालं, गांजा आणि अफूजन्य पदार्थ मात्र नाही. तारापोतोतल्या ३६ पुरुषांच्या अभ्यासात उपचारानंतर तलब आणि त्रास कमी झालेला दिसला, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. यातला कोणता भाग काम करतो, उलटी, वेल, एकांत की घरापासूनचे नऊ महिने, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. ब्राझीलने २०१० मध्ये धार्मिक वापराचे नियम केले, पण उपचार म्हणून वापरायला पुरावा येईपर्यंत परवानगी दिली नाही. पेरूत उलट: वारशाचा ठराव आहे, पण त्यात रुग्णाचं नाव नाही. तारापोतोत रुग्णाचा पहिला आठवडा अजूनही आयावास्काशिवाय, बादलीसोबतच जातो, आणि इंटरनेटवरच्या जाहिरातींत नेमका तेवढाच भाग गाळलेला असतो.