सूचिछिद्र स्टिरिओ छायाचित्रण

भिंगाऐवजी सुईच्या टोकाएवढी दोन छिद्रे असलेल्या पेटीने एकाच दृश्याची दोन छायाचित्रे घेऊन त्यांतून खोलीचा प्रत्यय आणून देणारी पद्धत. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला सूचिछिद्र प्रतिमाग्राहक तो हाच, फक्त दोन डोळ्यांचा.

आपल्या दोन डोळ्यांना दिसणारी चित्रे किंचित वेगळी असतात आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आरशांच्या उपकरणाने दाखवले. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप, म्हणजे अशी दोन चित्रे एकेका डोळ्याला वेगळी दाखवणारे उपकरण, केला. स्टिरिओस्कोपवरच्या त्यांच्या १८५६ च्या पुस्तकात सूचिछिद्र कॅमेऱ्याचाही उल्लेख आहे.

या कामाला १२० क्रमांकाची फिल्म फार सोयीची. कोडॅकने ती १९०१ मध्ये आणली. रुंदी सुमारे ६१ मिमी. तिच्यावर ५६ मिमीच्या दोन चौकोनी चौकटी थोडी फट सोडून शेजारी मांडल्या, की त्यांच्या मध्यबिंदूंतले अंतर ६२-६३ मिमी भरते. माणसाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधले सरासरी अंतरही जवळपास तेवढेच. त्यामुळे साध्या पुठ्ठ्याच्या पेटीतही मोजमाप आपसूक जमते. बारा चौकटींच्या रोलवर सहा जोड्या बसतात. पेटीच्या पाठीवरच्या लाल खिडकीत फिल्ममागच्या कागदावरचा आकडा बघत दर खेपेला फिल्म दोन आकडे पुढे सरकवायची.

खरे कौशल्य छिद्रात आहे. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा घ्यावा, सुईचे टोक हलके दाबावे, मागे आलेला उंचवटा बारीक पॉलिश पेपरने घासावा आणि सुई पुन्हा अलगद फिरवावी. फिल्मपासून ५० मिमी अंतरावर ०.३ मिमी व्यासाचे छिद्र योग्य ठरते. पत्रा २४०० डीपीआयवर (इंचाला २४०० ठिपके) स्कॅन केल्यास छिद्राचा व्यास साधारण २८ पिक्सेल दिसायला हवा. व्यास जरा चुकला तरी चालेल, पण दोन्ही छिद्रे सारखीच हवीत. नाहीतर एक चित्र उजळ आणि दुसरे काळवंडलेले येते. त्यांची उंचीही एकच हवी. एक छिद्र वर, एक खाली झाले तर बघणाऱ्याचे डोळे दुखतात.

हे छिद्र एफ/१६७ चे, म्हणजे फिल्मपर्यंतचे अंतर त्याच्या व्यासाच्या १६७ पट. त्यामुळे १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनेचा आकडा) फिल्मला कडक उन्हात साधारण एक सेकंद लागतो. सावलीत वेळ वाढतो, आणि लांबलेल्या वेळात फिल्म मंदावते म्हणून त्यात आणखी भर घालावी लागते. झडप मात्र दोन्ही छिद्रांवर एकच असावी. एकाच छिद्राचा कॅमेरा बाजूला सरकवून दोनदा फोटो घेतले, तर तेवढ्यात ढग आणि सावल्या हलतात व दोन चित्रांचे जुळत नाही. दोन्ही छिद्रे एकदम उघडली की वाहते पाणी धुरकट होते खरे, पण ते धुकेही आपल्या जागी, दगडांच्या मधोमध तरंगताना दिसते. हे सौंदर्य भिंगाच्या झटपट फोटोत सापडत नाही.

सूचिछिद्रात जवळचे-दूरचे सगळे सारख्याच मऊपणाने उमटते, त्यामुळे नजर चित्रात मोकळी फिरते. सर्वांत जवळची वस्तू मात्र दोनेक मीटर लांब ठेवावी.

पेटीत प्रत्येक चित्र उलटे पडते. धुतलेली पट्टी सरळ करायला फिरवली की डाव्या छिद्राचे चित्र उजवीकडे जाते. ते कापून जागा बदलल्या नाहीत, तर मागचे आकाश फांद्यांच्या पुढे येते. म्हणून पेटीतल्या डाव्या चौकटीच्या कडेला कानशीने आधीच एक बारीक खाच पाडून ठेवावी. ती डाव्या छिद्राच्या प्रत्येक नेगेटिव्हवर उमटते आणि कापल्यावरही डावे-उजवे ओळखू येते.